खड्डा कुणाचा?

पुण्यात घर बांधणाऱ्याला खडीचा ब्रासचा भाव तोंडपाठ असतो. पण ती खडी येते कुठून, हे फारसे कुणी विचारत नाही. नगर रस्त्याने वाघोलीकडे गेलात, की उत्तर दिसते. क्रशरची घरघर, झाडांच्या पानांवर धुळीचा थर आणि जमिनीत खोल उतरलेल्या दगडखाणी.

हा आपला काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर थंड होऊन तो तयार झाला. पाताळेश्वराचे लेणे याच दगडात कोरलेले आहे. सुरुंगाने तो क्षणात फुटतो, पण पुन्हा काही तयार होत नाही.

मी भूगोलाचा शिक्षक. काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांना घेऊन शहराबाहेरच्या एका बंद खाणीवर गेलो होतो. खाणीत पावसाचे पाणी तुडुंब साचलेले, काठाला ना कुंपण ना पाटी. जवळच्या वस्तीतली मुले त्यात पोहत होती. माझ्या जिवाचा थरकाप झाला. तेवढ्यात एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, दगड संपल्यावर हा खड्डा कुणाचा?" मला उत्तर देता आले नाही.

'शाश्वत विकास' हा शब्द १९८७च्या ब्रुंटलँड अहवालाने जगभर पोहोचवला. आजच्या गरजा भागवताना पुढच्या पिढ्यांच्या तोंडचा घास काढायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ. दगड तर वापरला की संपला, मग खाण शाश्वत कशी? तर खणताना कामगारांचा जीव, गावाचे पाणी आणि हवा सांभाळायची. आणि जाताना जमीन कुणाच्या तरी उपयोगी पडेल अशी सोडायची.

लोखंड, बॉक्साइट अशा मोठ्या खनिजांच्या खाणींना २००३पासून 'खाण बंद कशी करणार' याचा आराखडा द्यावा लागतो, आर्थिक हमीही द्यावी लागते. दगड, मुरूम, वाळू ही मात्र गौण खनिजे. त्यांचे नियम राज्ये करतात. पाच हेक्टरांहून लहान तुकडे पाडले की पर्यावरण मंजुरीतून सुटका होत असे. २०१२ साली दीपक कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही पळवाट बंद केली. कागदावर नियम आले. पण प्रत्येक खाणीच्या काठावर कुंपण आले का, हे गावानेच जाऊन पाहायला हवे.

खाणीचा शेवट चांगला होऊ शकतो. वेताळ टेकडीवरच्या जुन्या खाणीत आज पाणी साचते, पक्षी येतात, पुणेकर पहाटे तिथे फिरायला जातात. पण ते व्हायला कित्येक वर्षे जावी लागली. प्रत्येक खड्डा असा नशिबावर सोडता येणार नाही. शेवट काय करायचा, हे पहिला सुरुंग लावण्याआधीच ठरले पाहिजे आणि त्याचा खर्च दगडाच्या किमतीत धरला पाहिजे.

मग खडी थोडी महागेल. महागू द्या. जुना वाडा पाडताना निघणारा राडारोडा नदीकाठी लोटण्याऐवजी पुन्हा वापरला, तर नवी खडीही कमी लागेल. त्यासाठी २०१६पासून वेगळे नियमही आहेत.

त्या मुलाला आज मी सांगेन : बाळा, तुझी-माझी घरे ज्या दगडावर उभी आहेत, त्याचा हा खड्डा. म्हणजे तो आपलाच.