धाकटीचा पहिला सामना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपण एखादे प्रवासवर्णन ऐकतो. कुणी अष्टविनायकाचे सांगते, कुणी पंढरपूरचे. माझा प्रवास त्या मानाने अगदीच लहान आहे. नाशिकरोड ते नेरूळ, जाऊन-येऊन तीन दिवस. देवदर्शन नाही की काही नाही. माझ्या धाकटीला फुटबॉलचा सामना दाखवायला घेऊन गेले होते, इतकेच. पण सेक्रेटरीबाईंनी आग्रहच धरला की तेच सांगा, म्हणून उभी राहिले आहे.

२०२२ सालची दिवाळी. भाऊबीज बुधवारी, २६ ऑक्टोबरला होती. पण माझ्या भावाला त्या दिवशी कामावरून सुटी नव्हती. तेव्हा शनिवार-रविवार गाठून ओवाळायला या, असे वहिनीने कळवले. त्याच फोनवर भाऊ म्हणाला, "ताई, रविवारी आमच्या घराजवळच्या स्टेडियममध्ये मुलींच्या वर्ल्ड कपचा शेवटचा सामना आहे. सतरा वर्षांखालच्या मुली. धाकटीला दाखवू या."

मी लगेच हो म्हटले नाही. त्याला कारण होते.

धाकटी तेव्हा सहावीत होती. जुलै महिन्यात शाळेतल्या खेळाच्या बाईंनी मुलींचा फुटबॉलचा संघ काढला आणि हिची उंची बघून हिला गोलमध्ये उभी केली. दोन महिने मोठ्या हौसेने गेली. सप्टेंबरात दुसऱ्या शाळेशी सामना झाला आणि हिच्यावर सात गोल झाले. झाले ते झाले. पण आमच्या गल्लीतली मुले तिला "सात नंबर, सात नंबर" म्हणून हाका मारू लागली. चार दिवस तिने ऐकून घेतले. पाचव्या दिवशी बूट पिशवीत घातले, पिशवी माळ्यावर टाकली आणि खाली येऊन अभ्यासाला बसली.

सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं. गुडघा फुटला असता म्हणजे कोण निस्तरणार होतं?" त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ होते असे मी म्हणणार नाही. मुलीच्या अंगावर एखादा व्रण राहिला की पुढे चार माणसे त्याची चौकशी करतात, हे इथे बसलेल्या प्रत्येकीला ठाऊक आहे.

त्यातच ११ ऑक्टोबरला भुवनेश्वरला भारताच्या मुलींचा पहिला सामना झाला. यजमान म्हणून आपल्याला स्पर्धेत जागा मिळाली होती. कर्णधार अष्टम उराँव, झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली. आम्ही सगळे टीव्हीपुढे बसलो होतो. अमेरिकेने आठ गोल केले, आपला एकही नाही. मग मोरोक्कोने तीन, ब्राझीलने पाच. १७ तारखेला आपला शेवटचा सामना झाला. तीन सामन्यांत सोळा गोल खाल्ले, केला शून्य. धाकटीने बोटांवर हिशेब केला आणि मला विचारले, "आई, त्यांनाही आठ. मग त्यापण आता बूट टाकून देतील का?"

मला उत्तर देता आले नाही. मी उठून कुकर लावला.

म्हणून भावाचा फोन आला तेव्हा मनात दोन्ही बाजू होत्या. आपला देश त्या सामन्यात नाही, एकही नाव ओळखीचे नाही, वर रात्रीचा उशीर. दुसरीकडे वाटत होते की, या पोरीने अजून मोठा सामना कधी समोर बसून पाहिलेलाच नाही. एकदा नीट पाहू दे; मग बूट माळ्यावर राहिले तरी माझी तक्रार नाही. घरातून यांनी परवानगी दिली. सासूबाईंनी तोंड वाकडे केले, पण लेकासारख्या त्या माझ्या भावासाठी करंज्यांचा डबा आठवणीने भरून दिला.

शनिवारी पंचवटीने निघालो, ठाण्याला उतरलो आणि लोकलने नेरूळला पोचलो. संध्याकाळी ओवाळणी झाली. त्याबद्दल जास्त सांगत नाही. वहिनीच्या अनारशांना जाळी कशी पडते हे विचारायचे असेल त्यांनी मला नंतर भेटावे.

रविवारी दोन सामने होते. साडेचारला तिसऱ्या क्रमांकासाठी नायजेरिया आणि जर्मनी, आणि रात्री आठला शेवटचा, स्पेन आणि कोलंबिया. अशा ठिकाणी घरचा डबा, पाण्याची बाटली आत नेऊ देत नाहीत, असे भावाने आधीच बजावले होते. तेव्हा उशिरा, पोटभर जेवूनच निघालो. वाटेत बघते तो मुलीच मुली. शाळाशाळांचे जथे, बरोबर शिक्षिका, गालांवर रंग. एक गृहस्थ लहानग्या मुलीला खांद्यावर घेऊन चालले होते. मला वाटले होते सगळा पुरुषांचा गोंधळ असेल आणि आपण पदर सावरीत एका कडेला बसू. तसे काही झाले नाही.

जिना चढून वर आलो आणि एकदम ते हिरवे मैदान पायाशी पसरलेले दिसले. धाकटी काही बोलली नाही, नुसता माझा हात घट्ट धरला.

टीव्हीवर आणि समोर पाहण्यात मोठा फरक आहे, तो मला तिथे कळला. टीव्हीवर जिथे चेंडू तिथे चित्र. इथे बावीसच्या बावीस मुली एकदम दिसतात. चेंडू पलीकडच्या टोकाला असतो तेव्हा अलीकडची गोलकीपर काय करते, हे टीव्ही कधी दाखवत नाही. धाकटी तेवढेच पाहत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "आई, ती बघ, एका जागी उभीच राहत नाही. पुढे येते, मागे जाते, आणि सारखी काहीतरी ओरडून सांगते आहे." मग जरा थांबून, "मी तर नुसती उभी राहायची."

ऑफसाइड हा प्रकार भावाने मला तीनदा समजावला. शेवटी मी माझ्यापुरता असा लावून घेतला की, वाढपी पंगतीत येण्याआधीच पुढच्या टोकाला जाऊन आयते पान मांडून बसायचे नाही. भाऊ हसला, पण चूक म्हणाला नाही.

पहिल्या सामन्यात नायजेरियाच्या मुलींनी एकामागून एक तीन गोल केले. मला वाटले, झाले, आता उठून जरा चहा घ्यावा. तर शेवटच्या वीसएक मिनिटांत जर्मनीने तीनही फेडले! बरोबरी झाली म्हणून पेनल्टी किक झाल्या. त्यात एक मुलगी चेंडू मारणार आणि एकटी गोलकीपर अडवणार, मध्ये कुणी नाही. प्रत्येक किकला धाकटी डोळे मिटून घ्यायची आणि लगेच उघडायची. नायजेरियाने तीन घातल्या, जर्मनीने दोन. भावाने सांगितले की याच नायजेरियाच्या मुली बुधवारी गोव्यात पेनल्टीवरच कोलंबियाकडून हरल्या होत्या. म्हणजे आपल्याकडे भाऊबीज चालली होती तेव्हा त्या रडत असतील, आणि चारच दिवसांनी त्याच जागेवर उभ्या राहून पुन्हा त्याच किक मारायच्या. मला तर पोळी करपली तरी आठवडाभर लागून राहते.

रात्रीचा सामना मात्र चिवट. स्पेन मागच्या, म्हणजे २०१८ च्या, स्पर्धेतले विजेते. कोलंबियाकडे लिंडा काइसेदो नावाची मुलगी होती. तिच्या पायाशी चेंडू आला की सगळे स्टेडियम उठायचे. ऐंशी मिनिटे गोल नाही. मग ब्याऐंशीव्या मिनिटाला स्पेनच्या मुली चढाई करून आल्या, कोलंबियाच्या गोलपुढे गर्दी झाली आणि चेंडू आत गेला. स्पेनच्या मुली नाचू लागल्या. कुणी मारला ते आम्हाला आधी कळलेच नाही. मग कळले की तो कोलंबियाच्याच एका मुलीला लागून स्वतःच्या गोलमध्ये गेला होता. त्याच एका गोलावर स्पेनने कप जिंकला.

धाकटीने विचारले, "आई, तिला घरी गेल्यावर रागावतील का?"

या वेळी मात्र मी उठून कुठे जाऊ शकत नव्हते. मी म्हटले, "रागावतीलही एखादे वेळी. पण चेंडू गोलपाशी आला तेव्हा ती तिथे होती. जी तिथे नसते तिला लागत नाही." हे मला कसे सुचले कोण जाणे. ती पुढे काही बोलली नाही. बक्षिसे होईपर्यंत आम्ही बसलो होतो आणि ती सगळा वेळ हरलेल्या मुलींकडेच पाहत होती.

रात्री धाकटी झोपल्यावर भावाने मला एक गोष्ट सांगितली. १९९४ साली पुरुषांच्या वर्ल्ड कपमध्ये अमेरिकेविरुद्ध याच कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबार या खेळाडूकडून असाच स्वतःच्या गोलमध्ये चेंडू गेला होता. तो मायदेशी परतल्यावर दहा दिवसांच्या आत त्याला मेडेलिन शहरात गोळ्या घालून ठार मारले. ऐकून माझ्या अंगावर काटा आला. भाऊ म्हणाला, "तिला सांगू नकोस." मी दोन वर्षे सांगितले नाही. नंतर तिनेच कुठेतरी वाचले आणि मला येऊन सांगितले. मी नव्याने ऐकल्यासारखे ऐकले.

सोमवारी परत आलो. सासूबाईंना सगळे सांगितले, तर म्हणाल्या, "कितीही सांग, मुळात हा बायकांचा खेळच नव्हे." पुढे वाचनात एक माहिती आली, ती मी त्यांना वाचून दाखवली. पहिल्या महायुद्धात इंग्लंडात पुरुष लढाईवर गेले, तेव्हा दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या बायका फुटबॉल खेळू लागल्या. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलला त्यांचा सामना पाहायला त्रेपन्न हजार माणसे आली होती. दुसऱ्याच वर्षी, १९२१ मध्ये, तिथल्या फुटबॉल संघटनेने हा खेळ बायकांना योग्य नाही असे ठरवून आपल्या संघांची मैदाने त्यांना बंद केली. ती बंदी सुमारे पन्नास वर्षे राहिली. पुरुषांचा वर्ल्ड कप १९३० पासून आणि बायकांचा पहिला १९९१ साली चीनमध्ये, तो काही उगाच नव्हे. सासूबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "म्हणजे तिकडेही सासवा होत्याच." आम्ही दोघी पुष्कळ हसलो.

बुटांचे विचाराल तर, दिवाळीची सुटी संपायच्या आधी धाकटीने स्वतः स्टूल लावून ते माळ्यावरून काढले. पण पाय वाढला होता, बोटे दुमडू लागली. ते शेजारच्या मुलीला दिले आणि तिला नवे घेतले. पुढच्या सामन्यात हिच्यावर चार गोल झाले. सात नव्हेत, चार! तिने ते घरी येऊन पेढे वाटल्यासारखे सांगितले. गल्लीतली मुले अजून "सात नंबर" म्हणतात. आता तिने खेळाच्या सदऱ्यावर मागे तोच आकडा शिवून घेतला आहे.

२०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये मोठ्या बायकांचा वर्ल्ड कप झाला. त्यात कोलंबियाने जर्मनीला दोन-एकने हरवले आणि त्यातला एक गोल आम्ही नेरूळला पाहिलेल्या त्या लिंडा काइसेदोचा. सासूबाई धाकटीला म्हणाल्या, "हीच ना ग तुझी?" जणू काही मुलगी आमच्या नात्यातली.

आता एक विनंती. आपल्या भागातल्या मैदानावर संध्याकाळी अकरा-बारा मुली सरावाला येतात. कपडे बदलायला तिथे आडोसा नाही. मुली घरूनच सलवारीखाली खेळाचे कपडे घालून येतात आणि घामेजून तशाच परत जातात. महिन्यातले ते चार दिवस तर बहुतेकजणी येतच नाहीत. चार बांबू, एक जाड ताडपत्री आणि पाण्याचा एक पिंप, एवढ्याने काम भागण्यासारखे आहे. या वर्षी हळदीकुंकवाच्या वाणातून जी रक्कम शिल्लक राहिली आहे, ती याकडे वळवावी असे मी सुचवते. ताडपत्री शिवून द्यायची जबाबदारी माझी. मशीनवर जाड सुई लावलेलीच आहे. पुढच्या सभेत हा विषय घ्यावा, एवढे बोलून मी आपली रजा घेते.