कढई एकच होती



भाषणाची मला सवय नाही. चार शब्द बोला असा आग्रह झाला म्हणून उभी राहिले आहे, आणि बोलायचे तर गेल्या दिवाळीच्या चकल्यांविषयीच बोलले पाहिजे.

मागणी १५ किलोंची होती आणि संध्याकाळी सहाला माल द्यायचा होता. दुपारी बाराला आपण अकराजणी पदर खोचून लागलो. कुणी भाजणी मळीत होती, कुणी पिशव्या पुशीत होती, चारजणी सोऱ्याने भराभर चकल्या पाडीत होत्या. काय ती धांदल! मी सर्वांत पुढे. एक बाई मात्र कोपऱ्यात कागद-पेन्सिल घेऊन बसलेल्या. मी सर्वांदेखत म्हटले, "हिशेब कसले मांडीत बसलात? हात चालवा की!" त्या मुकाट्याने उठल्या.

पुढचे तुम्ही जाणताच. पाडून ठेवलेल्या चकल्या सुकल्या आणि उचलताना मोडू लागल्या. सहा वाजता जेमतेम नऊ किलो माल तयार झाला. गिऱ्हाईक दुखावले ते वेगळेच.

आवरताना तो कागद माझ्या हाती आला. किलोला ५० चकल्या, म्हणजे एकूण ७५०. एका घाण्यात १०, घाण्याला आठ मिनिटे, म्हणजे दहा तास. खाली लिहिले होते, 'दुसरी कढई हवी.' मैत्रिणींनो, दुसरी कढई माझ्याच घरी फळीवर पालथी पडली होती!

बसलेली बाई म्हणजे आळशी बाई, हे लहानपणापासून आपल्या मनावर ठसले आहे. सासूबाई माझे कौतुक करीत, ते 'हिचा हात कधी रिकामा नसतो' म्हणूनच. त्या कौतुकानेच माझा घात केला म्हणा ना!

लिज्जत पापडाची हकीकत नंतर माझ्या वाचनात आली. मुंबईला गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सातजणी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला बसल्या. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटे झाली. पण पावसाळा आला, पापड सुकेनात, आणि काम चार महिने बंद ठेवावे लागले. सातांच्या सत्तर जणी झाल्या असत्या तरी पावसापुढे त्यांचे काय चालणार? दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी घेतली. खाटेवर पापड, खाली शेगडी, आणि भर पावसात काम सुरू. हे ज्या बाईला सुचले, तिने घटकाभर तरी लाटणे खाली ठेवले असेल. तेव्हा तिला कुणी टोचून बोलले नाही, हे त्या संस्थेचे भाग्य.

आपल्या त्या बाई मात्र पुढे कित्येक महिने मंडळात आल्या नाहीत. निमित्त गुडघेदुखीचे सांगत. घरी जाऊन मी त्यांची क्षमा मागितली. पण बोलले होते सर्वांदेखत, म्हणून आज सर्वांदेखत मागते.

यंदा २० किलोंची मागणी आहे. परवा त्यांच्याकडे गेले, तर कागद तयारच होता. कढया तीन, सुरुवात सकाळी आठला, सोऱ्यावर दोघीच.

"आणि बाकीच्यांनी काय करायचे?" मी विचारले.

"बसायचे," त्या म्हणाल्या.