मधुमेह : दूरगामी परिणाम आणि दक्षता



मधुमेह हा शहरातील सुखवस्तू लोकांचा रोग, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीने ती खोटी ठरविली आहे. देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही असून प्रौढांतील प्रमाण शहरांत १६.४ टक्के, तर खेड्यांत ८.९ टक्के आढळले.

१९२१ साली टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी इन्सुलिन शोधून काढले. त्यामुळे मधुमेहींचे आयुष्य वाढले. पण त्याबरोबरच नवा प्रश्न पुढे आला. वर्षानुवर्षे रक्तात राहिलेली जादा साखर सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा करते. डोळ्यांचे पडदे, मूत्रपिंडे व मज्जातंतू यांवर तिचा आघात होतो. मोठ्या रक्तवाहिन्या अरुंद होऊन हृदयविकार व पक्षाघात संभवतात.

हे विकार आरंभी दुखत नाहीत, हाच खरा धोका होय. पडदा बिघडू लागला तरी नजर काही काळ शाबूत राहते. मूत्रपिंडाचा बिघाड लघवीतील अल्ब्युमिन तपासल्याशिवाय कळत नाही. पायाची संवेदना गेलेल्या शेतकऱ्याला बाभळीचा काटा रुतल्याचे जाणवत नाही. जखम चिघळते, रक्तपुरवठा अपुरा असल्याने भरत नाही आणि प्रसंगी पाय कापावा लागतो.

यांपैकी बरेचसे टाळता येते. अमेरिका व कॅनडातील १९९३ सालच्या अभ्यासाने साखरेच्या काटेकोर नियंत्रणाचा, तर ब्रिटनमधील १९९८ सालच्या अभ्यासाने त्याबरोबरच रक्तदाबाच्या नियंत्रणाचाही लाभ सिद्ध केला आहे. म्हणून औषधे मनाने बंद करू नयेत. तंबाखू वर्ज्य करावी. वर्षातून एकदा डोळ्यांचे पडदे, लघवीतील अल्ब्युमिन, रक्तातील क्रिएटिनिन व पाय तपासून घ्यावेत. रोज रात्री पाय धुऊन कोरडे करावेत, तळवे व बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. अनवाणी चालू नये, पाय शेकोटीवर शेकू नयेत, कुरूप ब्लेडने कापू नये.

राष्ट्रीय कार्यक्रमानुसार ३० वर्षांवरील व्यक्तींची मधुमेह व रक्तदाब तपासणी करण्यात येते. पंचायत सदस्यांनी गावातील कोणी त्यातून वगळले जाणार नाही, हे पाहावे. शिक्षकांनी पायांची निगा मुलांना समजावून द्यावी, म्हणजे ती घरोघरी पोचेल. बँटिंग यांचा जन्मदिन, १४ नोव्हेंबर, जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी ग्रामपंचायतीने आरोग्य कर्मचाऱ्यांच्या साहाय्याने मधुमेहींच्या पायांची तपासणी योजली, तर एखाद्या कुटुंबाचा कर्ता माणूस आपल्या पायांवर उभा राहील.