वसईचा कोट आणि आपला वारसा
(महोत्सवप्रसंगी बल्लारपूर येथे दिलेले व्याख्यान)



वर्धेच्या तीरावर गोंड राजांनी बांधलेला किल्ला आपण नित्य पाहता. राज्य लयास गेले, तट मात्र उरला. आज समुद्रतीरावरील दुसऱ्या एका किल्ल्याची हकिगत आपणांपुढे ठेवावी, अशी माझी इच्छा आहे. तो किल्ला वसईचा होय.

1534 साली गुजरातच्या बहादुरशहाने वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. त्यांनी तेथे बुरुजबंद कोट उभारला. आत मठ, चर्चे व सरदारांचे वाडे उठले आणि वसई त्यांच्या उत्तर प्रांताची राजधानी झाली. परंतु त्याच सत्तेने हिंदूंची देवळे पाडली व त्यांच्या उपासनेस अटकाव केला, हेही आपण प्रांजळपणे सांगितले पाहिजे. तलवारीच्या आधाराने शुभवर्तमानाची शोभा वाढत नाही.

1739 च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या फौजेने सुरुंग लावून तट फोडला. तहान्वये पोर्तुगीजांना सन्मानाने निघून जाऊ दिले व मागे राहिलेल्या ख्रिस्ती प्रजेस धर्माचरणाची मोकळीक मिळाली. चर्चमधील घंटा देशावर नेण्यात आल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिराची घंटा त्यांपैकीच मानली जाते.

राजाश्रय तुटला, आता श्रद्धाही आटेल, असे कोणासही वाटले असते. तसे घडले नाही. शेतकरी, कोळी व कारागीर यांनी ती आपल्या घरी, आपल्या मराठी बोलीत जतन केली. कोटातील चर्चे बहुतेक भग्न झाली, पण भोवतालच्या गावांतील प्रार्थना थांबली नाही. 1998 साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला.

याच वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया यांनी 1597 साली जपानात नागासाकी येथे क्रुसावर प्राण अर्पिले. त्यांच्या पाठीशी ना तट होता, ना तोफा. 1862 साली नवव्या पायस महाराजांनी त्यांस संतपद दिले.

बांधवहो, या अरण्यप्रदेशात आपण संख्येने थोडे आहोत. उत्सवाच्या दिवशी आपल्या मंदिराचे कौतुक अवश्य करावे. परंतु घरातील सायंप्रार्थना चालू आहे काय, आणि शेजाऱ्याच्या अडचणीस आपण धावून जातो काय, हेही प्रत्येकाने आपणांस विचारावे. वसईकरांना तारले ते याच गोष्टींनी. परमेश्वर आपणा सर्वांचे कल्याण करो.