अळीच्या पोटातली माशी



तिबेटच्या पठारावर ३,००० मीटरहून उंच कुरणांत काळ्या, केसाळ अळ्यांची धाड येते. शास्त्रज्ञ या अळीला गायनीफोरा म्हणतात. तिच्या मादी पतंगाला उडता येत नाही. अंडी जिथल्या तिथेच घातली जातात, आणि अळ्या दाटीने वाढतात. गवत तर जातेच, शिवाय अळ्यांचे केस गवताबरोबर पोटात गेले की याक आणि मेंढ्यांच्या तोंडाला फोड येतात.

या अळीला मारणाऱ्या काही माश्या आहेत. त्या टॅकिनिड कुळातल्या. दिसायला घरमाशीसारख्या, पण अंगावर राठ केस भरपूर. या कुळातल्या काही माश्या अळीच्या कातडीवर पांढरी अंडी चिकटवतात. काही पानावर बारीक अंडी सोडतात आणि अळी ती पानासकट गिळते. आत शिरलेला मॅगट, म्हणजे माशीची बिनपायाची अळी, यजमानाला आतून खात वाढतो. आपल्या रेशीम उत्पादकांना हे सांगायला नको. त्यांची वैरीण उझी माशी याच कुळातली; रेशीमअळीच्या अंगावरच्या काळ्या डागावरून ते तिला ओळखतात.

कुरणात मात्र ओळख पटवणे अवघड. मेलेल्या अळीवर माशी बसली, म्हणून तिनेच मारली असे नाही. मांसमाश्याही मेलेल्या किड्यांवर येतात. कातडीवर अंडी दिसली तरी खात्री नाही. ती फुटण्याआधी अळीने कात टाकली, तर अंडी कातीबरोबर गळून पडतात. म्हणून जिवंत अळ्या गोळा करून एकेक वेगळ्या डबीत वाढवाव्या लागतात. कोणत्या डबीतून पतंग निघाला, कोणत्या डबीतून माशी, हे लिहून ठेवायचे. मॅगट पाहून जात ठरवणे कठीण, तेव्हा त्याचा डीएनए ओळख पटलेल्या माशीच्या डीएनएशी ताडून पाहतात.

हे कष्ट कुरणात अळीवर औषध फवारण्याआधी घ्यायलाच हवेत, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. औषधाने अळी मेली की तिच्या पोटातली माशीही मरते. पोटात मॅगट असलेली अळी काही दिवस गवत खातच राहते, हे खरे. पण तिच्यातून पतंग निघत नाही. या किडीची वर्षाला एकच पिढी होते. तेव्हा यंदा किती डब्यांतून माश्या निघाल्या, त्यावरून पुढच्या वर्षी कोणत्या कुरणात पंप न्यायचा आणि कोणत्या कुरणात नाही, याचा अंदाज बांधता येतो.