विरून जाणारें अस्तर

स्वयंपाकघरांत हाताला चटका बसणें कोणत्याहि घराला नवें नाहीं. फोड येतो, आठ-दहा दिवसांनीं नवी कातडी दिसूं लागते आणि आपण तो प्रसंग विसरतों. परंतु पदर पेटून मान व छाती खोलवर भाजली, म्हणजे गोष्ट निराळी होते. त्वचेचे दोन थर आहेत. वरची पातळ बाह्यत्वचा पुन्हां वाढते. खालची जाड अंतस्त्वचा मात्र एकदां समूळ जळाली कीं मोठ्या माणसांत पूर्ववत् उत्पन्न होत नाहीं. शरीर मग जखमेच्या कडा आंत ओढून घेतें आणि उरलेली जागा राठ तंतूंनीं भरून काढतें. जीव वांचतो, पण हनुवटी छातीकडे ओढली जाते, मान वळत नाहीं. आणि आपण म्हणतों, जखम बरी झाली!

हें ओढणें थांबवितां येईल काय? अमेरिकेंत बोस्टन येथील शल्यवैद्य जॉन बर्क व पदार्थविज्ञानाचे अभ्यासक योआनिस यानास यांना प्रारंभीं इतकी मोठी आशा नव्हती. शरीरांतील पाणी बाहेर जाऊं नये व जंतू आंत शिरूं नयेत, एवढ्यापुरतें आच्छादन त्यांना हवें होतें. गाईचें कोलॅजेन आणि शार्क माशाच्या कूर्चेंतील एक द्रव्य यांचें मिश्रण त्यांनीं घेतलें. कोलॅजेन आपणांस अगदींच अपरिचित नाहीं. सुताराचा सरस म्हणजे शिजविलेलें कोलॅजेनच होय. हें मिश्रण गोठवून त्यांतील बर्फ निर्वात जागेंत उडवून लावला, कीं स्फटिकांच्या जागीं छिद्रें राहतात. असें सच्छिद्र अस्तर खालीं, आणि बाह्यत्वचेच्या ऐवजीं सिलिकोनचा पापुद्रा वर.

गिनीपिगांच्या जखमांवर तें लावतांच एक अनपेक्षित गोष्ट दिसली. कडा ओढणाऱ्या पेशी छिद्रांच्या भिंतींना धरून विखुरल्या; एका दिशेनें ओढणें मंदावलें, आणि व्रणाऐवजीं अंतस्त्वचेसारखा थर तयार झाला. यांत खरें मर्म विरण्याच्या वेगाचें आहे. अस्तर लवकर विरलें तर आकुंचन रोखलें जात नाहीं. फार रेंगाळलें तर तेंच अडथळा होऊन बसतें. दोन-तीन आठवडे, हा त्याचा योग्य अवधि. त्यानंतर पापुद्रा काढून रोग्याच्याच बाह्यत्वचेचा अतिशय पातळ तुकडा तेथें बसवितात. १९८१ सालीं दहा रोग्यांवरील अनुभव प्रसिद्ध झाला. १९९६ सालीं अमेरिकन सरकारनें त्यास संमति दिली. नव्या त्वचेंत केंस उगवत नाहींत, घामहि येत नाहीं, हें मात्र सांगितलें पाहिजे.

आणि किंमत! ती सामान्य कुटुंबाच्या आवांक्याबाहेर आहे. म्हणूनच मला मुंबईंतील एक प्रयत्न तितकाच महत्त्वाचा वाटतो. तेथील डॉक्टरांनीं १९८५ सालीं उकडलेल्या बटाट्याच्या सालींचे पट्टे भाजलेल्या जागेवर वापरल्याचें प्रसिद्ध केलें. साल अंतस्त्वचा घडवीत नाहीं. ती जखमेला चिकटत नाहीं व ओलावा टिकविते, इतकेंच. पण ओलाव्याचें महत्त्व लहान नव्हे. जॉर्ज विंटर यांनीं १९६२ सालीं डुकरांवर दाखविलें होतें, कीं ओलसर राखलेली उथळ जखम उघड्या जखमेच्या जवळजवळ दुप्पट वेगानें झांकली जाते.

कोणी घरच्या बटाट्याची साल जखमेवर बांधूं नये. रुग्णालयांतील पट्टे निर्जंतुक केलेले असत. घरीं भाजल्यास वीस मिनिटें नळाचें गार पाणी सोडावें, टूथपेस्ट वा शाई लावूं नये, आणि भाजणें मोठें असेल तर विलंब न लावतां रुग्णालय गांठावें.