माळेगावचे प्रदर्शन आणि गोठ्यातली बाई
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला चार शब्द बोलायला सांगितले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. सभेत बोलण्याची सवय नाही. तेव्हा चूकभूल पदरात घ्यावी. ज्यातले मला थोडे कळते त्याविषयीच बोलते. ते म्हणजे आपली माळेगावची यात्रा आणि तिथले जनावरांचे प्रदर्शन.

लोहा तालुक्यातले हे माळेगाव नांदेड-लातूर रस्त्यावर आहे. मार्गशीर्षाच्या अखेरीला खंडोबाची देवस्वारी निघते आणि यात्रेला तोंड लागते. भंडारा उधळला की माणूस, जनावर, रस्ता सारे पिवळे होऊन जाते. वाघ्या-मुरळी, कुस्त्यांचा फड, लावणीचा मंडप हे तुम्ही सर्वांनी पाहिले आहे. घोडे, उंट, गाढवे दुरून दुरून येतात. जिल्हा परिषद शेतीचे आणि पशूंचे प्रदर्शन भरविते. माझा जीव अडकतो तो गायी-बैलांच्या रांगेत.

आपल्या भागाला दोन जातींचा मान आहे. एक लालकंधारी, जिला आपल्या कंधारचेच नाव मिळाले. दुसरी देवणी, लातूर जिल्ह्यातल्या देवणीची. देवणीत पुन्हा तीन प्रकार. अंग पांढरे आणि तोंडावर काळे तो वानेरा. पांढऱ्या अंगाला पोटाखालच्या बाजूला काळे ठिपके तो बालंक्या. पांढऱ्या अंगावर कसेही विखुरलेले काळे ठिपके तो शेवरा. लालकंधारी मात्र एकरंगी, गडद लाल. कपाळ रुंद, कान लांब, डोळ्यांभोवती काजळ घातल्यासारखे काळे. अंगावर पांढरा डाग दिसला की परीक्षक पुढच्या जनावराकडे वळतात. दात पाहून वय ठरवितात, पाठ, खांदा, गळ्याची पोळी, खूर पाहतात, चालवून पाहतात. गायीची कास आणि सड हाताने तपासतात.

हे सगळे मला आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, गोठ्यात शिकविले. त्या शाळेत गेल्या नव्हत्या. पण वासरू उभे राहिले की ते पुढे कसे निघेल हे सांगत. पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळताना म्हणत, "खांद्याला हात लाव म्हणजे वर्षभरात त्याला काय सोसावे लागले ते कळते."

मात्र माळेगावचे प्रदर्शन आत्याबाईंनी कधी पाहिले नाही. यात्रेला त्या जात. देवाचे दर्शन, भंडारा, लेकरांना रेवड्या, की घरी. रिंगण पुरुषांचे. 2019 साली आमच्या गायीचा नंबर आला, तेव्हा मीही घरीच होते. हे फेटा बांधून आले. मी शिरा केला, गायीला ओवाळले. प्रशस्तिपत्रावर ह्यांचे नाव होते. त्यात कोणाची चूक नव्हती. अर्जात मालकाचे नाव लिहायचे असते, आणि आमच्याकडे सातबारापासून सगळीकडे एकच नाव लिहायची रीत. तेव्हा मलाही त्यात काही वावगे वाटले नाही.

पुढे करोनाची दोन वर्षे गेली. त्यातून वर येतो तो 2022 साली लम्पी आला. सरकारने जनावरांचे बाजार आणि प्रदर्शने बंद केली. आमची गाय तेव्हा गाभण होती. अंगभर गाठी आल्या, पायांना सूज आली, चारा सुटला. डॉक्टरांनी औषध दिले आणि सांगितले की माश्या, डास, गोचीड यांच्यातून हा रोग पसरतो, तिला वेगळी बांधा. मी तिला लिंबाखाली बांधली. सांज-सकाळ कडुलिंबाच्या पाण्याने गाठी धुतल्या, धूर केला, कण्या शिजवून हाताने भरविल्या. पंधरा-सोळा रात्री मी तिच्याजवळ बाज टाकून काढल्या. आपल्या गावातली किती दावी तेव्हा रिकामी झाली हे तुम्हाला ठाऊक आहे. आमची वाचली. संक्रांतीच्या सुमारास तिने लाल गोऱ्हा दिला.

तो गोऱ्हा दोन दाती झाला तेव्हा ह्यांनी त्याला माळेगावी न्यायचे ठरविले. पण तो माझ्या हातचा. ह्यांनी कासरा धरला की पाय रोवून उभा राही. म्हणून नाइलाजाने मला बरोबर नेले! कर्ण्याचा आवाज, गर्दी, घोड्यांचे खिंकाळणे, गोऱ्हा बिथरला. मी पदर खोचला आणि कासरा धरून रिंगणात शिरले. कर्ण्यावर ह्यांचे नाव पुकारले आणि लोक माझ्याकडे पाहून हसले. परीक्षकांनी विचारले, "दूध किती महिने पाजले? खुराक काय? जंताचे औषध कधी दिले?" ह्यांनी माझ्याकडे पाहिले. मी सगळे तारखांसकट सांगितले. मग कोणी हसले नाही. आमचा दुसरा नंबर आला.

त्याच सांजेला गिऱ्हाइके आली. लेकीचे नर्सिंगच्या शिक्षणाचे पैसे भरायचे होते, म्हणून गोऱ्हा विकणे भाग होते. व्यापाऱ्याने रुमालाखाली ह्यांची बोटे दाबली. दुसरे गिऱ्हाईक एक शेतकरी होता. त्याला गावच्या गायींसाठी वळू हवा होता. त्याची मागणी पाच हजारांनी कमी. चारचौघांत हे मला म्हणाले, "तू सांग." लग्नाला इतकी वर्षे झाली, पण बाजारात मला असे कोणी विचारले नव्हते. पाच हजार आम्हाला थोडे नव्हेत. पण लम्पीतून वाचलेल्या गायीचा तो वंश. मी म्हटले, "वळूसाठी द्या." दिला. कुंकू लावले, कासरा शेतकऱ्याच्या हातात दिला आणि रिवाजाप्रमाणे दावे तेवढे घरी आणले. परतीच्या वाटेवर मी रडले, हे खोटे कशाला सांगू?

बहिणींनो, माझे सांगणे एवढेच. यात्रा आपली आहे, देव आपला आहे, ही परंपरा टिकली पाहिजे. आता नांगरटीला ट्रॅक्टर आला, बैल कमी झाले. अशा दिवसांत ही जनावरे गोठ्यात उरली आहेत ती पुष्कळशी बाईच्या शेण-पाण्यामुळे. शेतकरी म्हटले की बाईचे नाव कागदावर येत नाही, हे आता जगाच्याही ध्यानात आले आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने 2026 हे वर्ष महिला शेतकऱ्यांचे म्हणून ठरविले. मग आपण आपल्या घरापासून का सुरुवात करू नये?

पुढच्या यात्रेला मंडळाच्या बायांनी दर्शन घेऊन तसेच परत फिरू नये. आपापल्या जनावराबरोबर रिंगणात उभे राहावे, लेकी-सुनांना न्यावे, परीक्षक काय पाहतात ते त्यांना दाखवावे. आणि अर्जात नवरा-बायको दोघांचे नाव लिहावे. ह्यांनी मला तसा शब्द दिला आहे. ते समोर बसले आहेत म्हणून मुद्दाम सांगते!

ते दावे मी टाकलेले नाही. त्याच गायीची कालवड आता त्याला बांधली आहे. तिला पाहायला सगळ्याजणी या, चहा घेऊन जा.